वॉटरप्रूफच पाहिजे असं कुणी सांगितलं?

मस्कारा घ्यायचा तर वॉटरप्रूफच, हे आमच्या सांगलीत इतकं पक्कं बसलंय की दुकानदार दुसरं काही काढून दाखवतच नाही. हरभट रोडला कटलरीच्या दुकानात जा, काउंटरवरची मुलगी पहिलं वाक्य हेच म्हणणार, "ताई हा घ्या, वॉटरप्रूफ आहे, अजिबात पसरत नाही." आणि आपल्यालाही ते पटतं, कारण एप्रिल-मेमध्ये इथं पारा चाळिशीच्या आसपास असतो, घाम म्हणजे पाणीच, मग झालं की काम.

पण घोळ इथंच आहे. डोळ्याखाली जे काळं उतरतं ते बहुतेक वेळा पाण्यानं नाही, तेलानं उतरतं. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मेण भरपूर असतं आणि पाण्यात न विरघळणारे बाकीचे घटक, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही, अगदी पावसात उभ्या राहा. पण तेल लागलं की सैल पडतो. आता बघा, सकाळी आपण डोळ्याखाली क्रीम लावतो, त्यावर सनस्क्रीन, त्यावर डाग झाकणारं कन्सीलर, वरून आतल्या कडेला काजळ तर हवंच, आणि दुपारपर्यंत पापणीवर स्वतःचं तेल सुटलेलं असतं ते वेगळंच. मग तीन वाजता ऑफिसच्या बाथरूममध्ये आरशात बघितलं की चार रात्री झोप नसल्यासारखा चेहरा दिसतो आणि आपण म्हणतो कंपनी फसवी. कंपनी फसवी नसते हो, वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं, ऑइलप्रूफ कुठं लिहिलेलं असतं?

तेलकट चेहऱ्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, ट्युबिंग मस्कारा बघा. हा प्रकार आपल्याकडे अजून कमी लोकांना माहितीये. साधा मस्कारा पापणीवर रंगासारखा बसतो, ट्युबिंगमध्ये पॉलिमर, म्हणजे प्लॅस्टिकसारखा घटक असतो आणि तो वाळला की प्रत्येक केसाभोवती बारीक नळी तयार होते. घामानं, तेलानं ती सहसा हलत नाही. काढताना मात्र कोमट पाणी आणि बोटांचा हलका दाब पुरतो. दुकानात सगळीकडे मिळेलच असं नाही, ऑनलाइन मागवावा लागतो बऱ्याचदा, आणि बॉक्सवर ट्युबिंग किंवा कोमट पाण्यानं निघतो असं काहीतरी लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. कोरड्या त्वचेच्या मैत्रिणींनी एवढं डोकं लावायची गरज नाही, साधा धुऊन निघणारा घ्या, मस्त चालतो. वॉटरप्रूफ ठेवा लग्नाला आणि पावसाळ्याला. रोज लावला तर काढायला रोज घासावं लागतं, त्यात पापण्या तुटतात, आणि पापण्या आधीच आपल्या कुणाच्या एवढ्या दाट आहेत.

आता ब्रश. खरं सांगू का, मी आतल्या मालापेक्षा ब्रश बघून मस्कारा घेते. पापण्या छोट्या आणि सरळ असतील तर बारीक, प्लॅस्टिकच्या आखूड दातांचा ब्रश, तो मुळापर्यंत पोचतो. विरळ असतील तर जाडजूड, भरगच्च केसांचा, तो माल जास्त सोडतो. वळलेला ब्रश कर्लसाठी असतो, पण ज्यांच्या पापण्या अगदी काठीसारख्या सरळ आहेत त्यांना नुसत्या वळलेल्या ब्रशवर भागत नाही, आधी कर्लर, म्हणजे पापण्या वळवायचा चिमटा, लागतोच. कर्लर मस्काऱ्याच्या आधी, नंतर कधीच नाही. वाळलेला मस्कारा कडक असतो, त्यावर चिमटा दाबला की केस चिकटून मोडतो नाहीतर उपटूनच येतो. मुळाशी हलकेच दाबायचं, दहा सेकंद, मग थोडं मधे.

लुकचं म्हणाल तर माझ्या मावसबहिणीचं आणि आत्याचं उदाहरण घ्या, दोघींचे डोळे एकसारखे पण गरजा एकदम उलट्या. मावसबहीण मिरजेहून कॉलेजला येते, कधी बस, कधी वडापची जीप, वाऱ्या-धुळीत अर्धा तास. तिला मी म्हटलं एकच हात लाव, फक्त वरच्या पापण्यांना, खालच्या सोडून दे. खालचा मस्काराच सगळ्यात आधी पसरतो आणि नुसत्या वरच्या पापण्या उचलल्या तरी डोळा उघडा, ताजा दिसतो. आत्याला चष्मा आहे, पापण्या पांढऱ्या व्हायला लागल्यात आणि "या वयात काय नटायचंय" हे पालुपद कायम चालू. तिला गडद ब्राउन आणून दिला. काळाकुळकुळीत मस्कारा पिकलेल्या केसांजवळ फार कडक दिसतो, ब्राउन शोभतो. आणि चष्मा असणाऱ्यांनी लांबी वाढवणारा घेऊ नये, पापण्या काचेला घासतात आणि काचेवर काळे ठिपके पडतात. मुळाशी दाट करणारा घ्यावा, टोकाला हात आवरता. आत्या आता भिशीला लावून जाते, विचारलं तर म्हणते, "मी कुठं काय लावलंय?"

स्टेजचा हिशोब पुन्हा निराळा. आमची सांगली नाटकवाल्यांची, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते इथंच, त्यामुळे प्रत्येक सोसायटीत गॅदरिंगला हौशी मंडळी असतातच. शेवटच्या रांगेला डोळे दिसायला हवेत म्हणून तिथं दोन-तीन थर, खालच्या पापण्यांनाही, वर आयलायनर. तोच मेकअप घेऊन खाली उतरून मैत्रिणीच्या शेजारी बसलं की भीती वाटते, पण तो जवळून बघायसाठी नसतोच.

लावायची पद्धत सांगते. कांडी बाटलीत वर-खाली पंप करायची नाही, त्यानं हवा आत जाते आणि माल लवकर सुकतो. आत गोल फिरवायची, बाहेर काढताना टोकाला जो गोळा येतो तो कडेला नाहीतर टिश्यूवर पुसायचा. गुठळ्यांचं अर्धं कारण तो गोळाच. आरसा समोर नको, हनुवटीच्या खाली धरा आणि नजर खाली टाकून आरशात बघा, म्हणजे वरची पापणी आपोआप मोकळी दिसते आणि कपाळाला आठ्या घालून, तोंडाचा आ करून लावायची वेळ येत नाही (तोंड तरीही उघडंच राहतं, ते का ते मला अजून कळलेलं नाही). ब्रश मुळाशी टेकवायचा, डावी-उजवीकडे थोडा हलवायचा आणि मग सरळ वर ओढायचा. माल मुळाशी जास्त आणि टोकाला कमी, असं झालं तर पापण्या उभ्या राहतात, उलट झालं तर वजनानं खाली येतात. दुसरा हात पहिला पूर्ण वाळायच्या आत, वाळल्यावर लावला की पोपडे निघतात. वरच्या पापणीला डाग लागला तर लगेच पुसू नका, वाळू दे, मग कोरड्या इअरबडनं खरवडला की सुटतो. ओला पुसला की निम्मा आयशॅडो सोबत जातो.

कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी लेन्स आधी घालायची मग मेकअप, रात्री लेन्स आधी काढायची मग मेकअप. धागे-धागे असलेला फायबरचा मस्कारा त्यांनी टाळावा, बारीक तंतू डोळ्यात जातात.

थोडा इतिहास सांगायचा मोह होतोय. १९१५ च्या सुमाराला अमेरिकेत शिकागोला थॉमस विल्यम्स नावाच्या तरुणानं आपल्या बहिणीला, मेबलला, व्हॅसलिनमध्ये कोळशाची भुकटी मिसळून पापण्यांना लावताना बघितलं आणि त्यावरून धंदा उभा केला, तीच आजची मेबलिन. आणि आपल्या आज्या काय करत होत्या? एरंडेलाचा दिवा, त्यावर तांब्याचं पात्र उपडं, जमलेली काजळी तुपात खलायची. काजळी आणि स्निग्ध पदार्थ, सामान तेच, फक्त विकायचं कुणाला सुचलं नाही. सुरुवातीला मस्कारा वडीसारखा असायचा, ओल्या ब्रशनं लावायचा. आता दिसते तशी नळी-कांडी १९५० च्या दशकाच्या शेवटी हेलेना रुबिनस्टाईननं आणली.

आणि ती नळी आली म्हणूनच पुढचं सांगावं लागतं, कारण अंधारी, ओलसर नळी आणि रोज डोळ्याला लागून परत आत जाणारा ब्रश, जंतूंना आणखी काय पाहिजे. उघडल्यापासून तीन महिने, बास. बॉक्सवर उघड्या डबीचं चित्र असतं, त्यात कंपनीनं महिन्यांचा आकडा दिलेला असतो, सहा असला तरी मी तीनलाच टाकते. उघडल्याची तारीख मार्करनं खाली लिहून ठेवा. सुकला म्हणून पाणी घालणं, थुंकी लावणं तर नकोच. दुकानातला टेस्टर हातावर रंग बघायला ठीक, डोळ्याला लावू नका. आणि लग्नाच्या खोलीत हमखास जे होतं, हळद संपली, वरातीची घाई, एक मस्कारा आणि सात जणी, करवलीपासून मामीपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांतून फिरतो. माझी वहिनी म्हणते, "अगं घरचीच आहेत की सगळी." घरचीच आहेत खरी, पण डोळे आले की तेही घरभर येतात आणि रांजणवाडी झाली की लग्नाच्या फोटोत कायमची बसते. आपला आपला न्या, नाहीतर एकदाच वापरायच्या ब्रशांचं पाकीट मिळतं, ते पर्समध्ये टाका.

रात्री काढायचंच, कितीही दमला असाल. साध्याला फेसवॉश चालतो. वॉटरप्रूफला तेलवाला रिमूव्हर कापसावर घेऊन बंद डोळ्यावर वीस सेकंद नुसता ठेवायचा, मग खालच्या दिशेनं ओढायचा, आडवं घासायचं नाही. खोबरेल पण चालतं, पण नंतर तोंड नीट धुवा, नाहीतर उद्याचा मस्कारा त्याच तेलावर बसणार आणि परत दुपारी तीन वाजता तीच रड. ट्युबिंगवाल्यांनो, पहिल्यांदा धुताना बोटांवर बारीक काळे तुकडे येतील आणि पापण्या गळाल्या म्हणून धस्स होईल. चिमटीत धरून चोळून बघा, चुरा झाला तर मस्कारा. नाही झाला तर पापणी, आणि रोज एखाद-दुसरी तशीही गळतच असते.