फ्रुक्टोजच्या दोन बरण्या: नोंद तिसरी

जिवाणू आणि यीस्ट ग्लुकोज आधी संपवतात की फ्रुक्टोज, हे घरगुती पोलरीमीटरनं (द्रावणातून जाताना प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती अंश वळते ते मोजणारं उपकरण) पाहायचं चाललंय. आधी कबुली. मागच्या नोंदीत मी रडगाणं गायलं होतं की लिटरला १०० ग्रॅम ग्लुकोजचं द्रावण प्रकाश १०.५ अंश वळवायला हवं, माझा घरगुती पोलरीमीटर मात्र १९ दाखवतोय. सगळं खापर त्यातल्या पोलरायझर फिल्मवर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी पातळ पट्टी) फोडलं होतं. फिल्म बिचारी निर्दोष निघाली. स्फटिकातलं ग्लुकोज पाण्यात नुकतं विरघळतं तेव्हा त्याचं विशिष्ट वलन (प्रकाश वळवण्याची ताकद) +११२ अंशांच्या आसपास असतं. मग रेणूंची रचना पालटत पालटत काही तासांनी ते +५२.७ वर येऊन थांबतं. मी विरघळवलं आणि लगेच डोळा लावला. तेच द्रावण रात्रभर ठेवून सकाळी पाहिलं तर साडेदहा! तेव्हापासून नियम एकच: आज विरघळवा, उद्या मोजा.

नवीन मंडळींसाठी मांडणी: खाली पिवळा एलईडी, त्यावर एक पोलरायझर फिल्म, मधे २० सेंटिमीटरची काचनळी, वर कोनमापकाला चिकटवलेली दुसरी फिल्म. ‘सगळ्यात काळोखी जागा’ शोधत बसू नका, डोळा फसतो. काळोखाच्या दोन्ही अंगांना सारखाच उजेड दिसेल असे दोन कोन घ्या आणि त्यांचा मध्य काढा. अर्ध्या अंशापर्यंत भरवसा ठेवता येतो.

या खटाटोपाचं कारण म्हणजे ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवतं, तर फ्रुक्टोज डावीकडे, तेही जास्त जोरात (−९२). घनता मोजणारा हायड्रोमीटर एकूण किती विरघळलंय ते सांगतो, पोलरीमीटर कोण उरलंय ते.

पहिली बरणी यीस्टची. दोन्ही साखरा लिटरला शंभर-शंभर ग्रॅम. सुरुवातीला काटा (म्हणजे कोनमापकावरचा आकडा; उजवीकडे अधिक, डावीकडे उणे) −८ वर. तीस तासांनी हायड्रोमीटर १.०७६ वरून १.०४४ वर उतरला होता, म्हणजे साखर बरीच संपली. काटा मात्र शून्याकडे यायचं सोडून −९.५ वर गेला. गणित मांडलं तर फ्रुक्टोज ८० ग्रॅमच्या आसपास उरलेलं, ग्लुकोज पन्नासच. यीस्टच्या पेशीची साखर आत ओढणारी प्रथिनं ग्लुकोजला जास्त घट्ट धरतात, फ्रुक्टोज रांगेत मागे राहतं. वाइनचं आंबणं अर्ध्यावर अडकतं तेव्हा तळाशी उरलेला गोडवा बहुतेक फ्रुक्टोजचा असतो, तो यामुळेच. पाचव्या दिवशी काटा −४.५ वर आला. ठीक. अपेक्षित.

खरी मजा दुसऱ्या बरणीत. ल्युकोनॉस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जिवाणूचं विकतचं कल्चर, दोन्ही साखरा ५० ग्रॅम, थोडा यीस्टचा अर्क, आणि आम्लाला आवर घालायला कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी. (साधी साखर वापरू नका. हा जिवाणू तिच्यापासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो आणि बरणीत शेंबूड होतो. मला विचारा.) सुरुवात −४ वर. दुसऱ्या दिवशी नमुना गाळून नळीत भरला आणि वाटलं पुन्हा काहीतरी बिघडलं: काटा शून्य ओलांडून +१.५ वर! हायड्रोमीटर जवळजवळ जागचा हललाच नव्हता. साखर गेली कुठे?

गेली नव्हती, तिनं रूप बदललं होतं. हा जिवाणू ग्लुकोज फोडतो तेव्हा त्याच्याकडे इलेक्ट्रॉन साचतात, एनएडीएच या वाहक रेणूच्या रूपात. ते कुठेतरी उतरवल्याशिवाय पुढचं ग्लुकोज फोडता येत नाही. फ्रुक्टोज नसेल तर ग्लुकोज फोडताना मधे तयार होणाऱ्या अॅसिटिल फॉस्फेटपासून अल्कोहोल बनवून ते उतरवावे लागतात. फ्रुक्टोज हाताशी असलं की तो ते खात नाही, त्याच्यावर इलेक्ट्रॉन लादून मॅनिटॉल (साखरेचाच एक भाऊबंद) बनवतो आणि बाहेर टाकतो. मग अॅसिटिल फॉस्फेट मोकळं राहतं, त्याचं अॅसिटेट होतं आणि वर एक एटीपी (पेशीचं ऊर्जेचं नाणं) पदरात पडतो. हिशेब साधारण एका ग्लुकोजमागे दोन फ्रुक्टोज. मॅनिटॉल प्रकाश जवळजवळ वळवतच नाही, पण पाण्यात विरघळलेलं राहतं, म्हणून घनता तशीच. आणि फ्रुक्टोज आधी संपल्यामुळे मागे उरलेल्या ग्लुकोजनं काटा उजवीकडे ओढला.

फुलांवर सापडणारे फ्रुक्टोबॅसिलस जिवाणू याच्याही पुढे गेलेत. अल्कोहोल बनवायचं त्यांचं जनुकच निकामी आहे, त्यामुळे नुसत्या ग्लुकोजवर ते रडतखडत वाढतात. फ्रुक्टोज किंवा हवा मिळाली की सुसाट. ग्लुकोज न आवडणारा जीव मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

प्राण्यांच्या पेशीतही असंच होतं का, असं दोघांनी विचारलं होतं. नाही, तिथली गोष्ट वेगळी. ग्लुकोजच्या वाटेवर फॉस्फोफ्रुक्टोकायनेज नावाचं फाटक आहे. पेशीत एटीपी पुरेसा असला की ते मिटतं. यकृतात फ्रुक्टोजला केटोहेक्झोकायनेज नावाचं विकर फॉस्फेट चिकटवतं आणि ते फाटकाच्या पलीकडे उतरतं. या विकराला ब्रेक जवळजवळ नाहीच. एकदम भरपूर फ्रुक्टोज आलं तर यकृताचा एटीपी खर्ची पडतो, फॉस्फेट अडकून राहतं, एटीपी खर्चून उरलेला एएमपी मोडत जातो आणि युरिक आम्ल वाढतं. पण हीच पळवाट कुणाचा जीवही वाचवते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नेकेड मोल-रॅट (बिळात राहणारा, जवळजवळ बिनकेसाचा उंदरासारखा प्राणी) प्राणवायूशिवाय १८ मिनिटं तगला. त्या अवस्थेत त्याचा मेंदू फ्रुक्टोज जाळत होता, फाटकाला वळसा घालून.

तिसरी बरणी काल भरली: तेच ल्युकोनॉस्टॉक, १०० ग्रॅम ग्लुकोज, फ्रुक्टोज अजिबात नाही. ग्लुकोज आदल्या दिवशीच विरघळवून ठेवलं होतं, सांगायला नकोच. काल +१०.५, आज सकाळी +१०. दुसरी बरणी एवढ्या वेळात शून्य ओलांडून गेली होती.