इंजिन खाली उतरवण्याआधीची वही

गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. बाणेरचा एखादा तरुण पोर्शेची जुनी बॉक्स्टर घेतो, कोथरूडचे एखादे निवृत्त गृहस्थ आयुष्यभराची हौस म्हणून पोर्शेचीच केमन घेतात, आणि दोघेही पहिल्या महिन्यातच फोन करून विचारतात, "दहा लाख बाजूला काढले आहेत, इंजिनाची ताकद किती वाढेल?" फोनवर दोन वाक्यांत याचे उत्तर देता येत नाही, आणि अर्धवट उत्तराने माणसाचे पैसे भलत्या जागी गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून तुम्ही विचारलेत ते आज सविस्तर लिहिते. माझी सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडला इंजिन चाचणीच्या विभागात झाली, आणि माझ्याकडे 2007 सालची 2.7 लिटरची पोर्शे केमन आहे, तेव्हा पुढचा सगळा हिशेब मुख्यतः तिच्यावरूनच सांगते आहे.

समोर इंजिन असलेल्या गाडीचे बॉनेट उघडले की निम्मे काम डोळ्यांसमोर येते. केमनमध्ये इंजिन दिसतच नाही. ते आसनांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे बसवलेले असते, आणि मागच्या डिकीत ऑइलची व कूलंटची अशा दोन टोप्या तेवढ्या हाताला लागतात. पट्ट्यापाशी किंवा वॉटर पंपापाशी पोहोचायचे तर आसनांमागचा गालिचा काढून तिथले झाकण खोलावे लागते. बाकी जवळजवळ सगळे काम गाडी लिफ्टवर चढवून खालून करावे लागते. त्यामुळे वीस हजारांचा भाग बसवायला चाळीस हजारांची मजुरी लागणे या गाड्यांत अगदी सामान्य आहे. माझ्या वहीत म्हणूनच खर्च सुट्या भागांप्रमाणे मांडलेला नाही, उतरवण्याप्रमाणे मांडलेला आहे: गिअरबॉक्स उतरवल्यावर करायची कामे एका पानावर, इंजिन उतरवल्यावर करायची दुसऱ्या पानावर, आणि काहीही न उतरवता होण्यासारखी तिसऱ्या पानावर. जो भाग आज हवासा वाटतो तो त्याच्या पानावर लिहून ठेवायचा आणि त्या पानाची वेळ येईपर्यंत थांबायचे. दहा लाखांत काय होईल याचे माझे पहिले उत्तर हेच आहे, की एकाच कामासाठी दोनदा उतरवावे लागले नाही तरच ते दहा लाख पुरतील.

गिअरबॉक्सचे पान सर्वांत भरलेले असते. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे असल्यामुळे क्लचसाठी इंजिन काढावे लागत नाही. पण गिअरबॉक्स खाली आली की क्लच, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील ही तिन्ही कामे त्याच मजुरीत होतात. याच ठिकाणी या इंजिनांच्या त्या प्रसिद्ध बेअरिंगचा, म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या इंटरमिजिएट शाफ्टच्या बेअरिंगचा, प्रश्न येतो; तो बिघडला की इंजिनच धोक्यात येते. आधीच्या वर्षांतल्या इंजिनांत तो गिअरबॉक्स काढल्यावर बदलता येतो. 2006 ते 2008 च्या इंजिनांत तो आकाराने मोठा आहे आणि इंजिनाचे दोन अर्धे वेगळे केल्याशिवाय निघत नाही. तो बिघडण्याचे प्रमाणही या इंजिनांत कमी आहे. 2009 च्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच उरलेला नाही. गाडी कोणत्या सालची आहे हे मी सर्वांत आधी विचारते ते यासाठीच, कारण सालाप्रमाणे तुमच्या दहा लाखांतले दोन लाख एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात.

ही पाने पाडायला मला एका तुटलेल्या बोल्टने शिकवले. गाडी घेतल्यावर पहिल्याच वर्षी मी हेडर्सचा, म्हणजे सिलिंडरमधला धूर एक्झॉस्टकडे नेणाऱ्या पाइपांचा, जोड बाहेरून मागवला. काम खालून, इंजिन जागेवर ठेवून होण्यासारखे होते, म्हणून मी तो खर्च किरकोळ धरला होता. लिफ्टखाली उभी राहून मी बघत होते. मिस्त्रींनी पहिल्या बोल्टला पाना लावला, तेव्हा तो करकरला आणि सुटला, दुसरा सुटला, तिसऱ्याला पाना इतक्या सहज फिरला की मिस्त्री थांबले आणि म्हणाले, "मॅडम, गेला." बोल्टचे डोके पान्यात होते आणि उरलेला दांडा सिलिंडर हेडमध्ये होता, बारा पावसाळ्यांच्या गंजाने धरलेला. अशा जागी ड्रिल सरळ धरायलाही पुरेशी जागा नसते. एका ठिकाणी ते तिरके गेले, अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे गेले, नवे आटे बसवावे लागले, आणि गाडी पाच आठवडे त्या गॅरेजमध्ये उभी राहिली. हेडर्सच्या किमतीपेक्षा जास्त पैसे मी त्या बोल्टापायी भरले. आता मी कोणालाही सांगते की जुन्या गाडीला हेडर्स बसवायचे असतील तर बोल्ट तुटतील असे धरूनच आकडा लिहा, आणि शक्य असेल तर इंजिन एरवी खाली येणार असेल त्याच वेळी ते काम करा.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या तब्येतीची. ताकद वाढवणे म्हणजे त्याच धातूकडून जास्त दाब आणि जास्त उष्णता सहन करून घेणे, तेव्हा तो धातू आज कसा आहे हे पैसे देऊन आधी बघून घ्यावे. या इंजिनाचा ऑइल फिल्टर कागदाच्या घड्यांचा असतो. ऑइल बदलताना मी तो टाकू देत नाही. कात्रीने त्याची दोन्ही टोके कापते, घड्या पांढऱ्या कागदावर उलगडते आणि उन्हात धरते. तपकिरी प्लॅस्टिकचे कण दिसले तर साखळीच्या पट्ट्या झिजत आहेत. चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवायचे, चिकटले तर पोलाद, म्हणजे बेअरिंगचा संशय, आणि न चिकटता चकाकले तर अॅल्युमिनियम. मग सिलिंडर दाब धरून ठेवतात का हे दाखवणाऱ्या कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन या चाचण्या, आणि छोटा कॅमेरा आत घालून सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे आहेत का ते पाहणे, 3.4 लिटरच्या केमन एस मध्ये हा दोष जास्त आढळतो. हा सगळा खर्च रीमॅपच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर बदलण्याच्या, तुलनेत थोडा आहे आणि तो करायला लोक सर्वांत जास्त नाखूश असतात. त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ओरखडे पडलेल्या सिलिंडरवर ताकद वाढवण्याचा खर्च केला तर तो संपूर्ण वाया जातो.

उष्णतेचेही तेच आहे. इंजिन मध्यभागी कोंडलेले आणि रेडिएटर पुढे, बंपरच्या मागे. माझा पुढचा बंपर पहिल्यांदा काढला तेव्हा रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्यामधून गुलमोहराच्या बारीक पानांचा ओंजळभर, मातीने घट्ट झालेला थर निघाला. तापमानाचा काटा तोवर कधी वर गेलेला नव्हता, आणि तरीही साफसफाईनंतर एप्रिलच्या दुपारी विद्यापीठ चौकात पंखे पूर्वीइतका वेळ फिरत नाहीत असे लक्षात आले. काहीही न उतरवता होणाऱ्या कामांत हे काम मी सर्वांत वर ठेवते.

आता आकड्यांकडे. कंपनीने माझ्या गाडीसाठी दिलेला आकडा 245 अश्वशक्तींचा आहे, आणि तो प्रमाणित हवेत, क्रँकशाफ्टवर मोजलेला आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब साधारण 6 टक्क्यांनी कमी असतो, तेव्हा टर्बो नसलेले इंजिन इथे 230 च्या आसपासच देते, आणि महाबळेश्वरला गेलात तर ही घट 15 टक्क्यांच्या घरात जाते. चाकांवर मोजताना गिअरबॉक्सचे आणि टायरचे नुकसान आणखी वजा होते. डायनोवर, म्हणजे चाकांवरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, हवेप्रमाणे न सुधारलेला आकडा 200 दिसला म्हणून गाडी आजारी ठरत नाही, आणि दुसऱ्या गावात, दुसऱ्या मशीनवर, दुसऱ्या ऋतूत 215 दिसले म्हणून नव्या एक्झॉस्टने पंधरा अश्वशक्ती वाढवल्या असेही ठरत नाही. आम्ही टेस्ट बेडवर बॅरोमीटर आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान लिहिल्याशिवाय ताकदीचा आकडा लिहीत नसू. तुम्हीही बदलाच्या आधी आणि नंतर त्याच मशीनवर, शक्य तितक्या सारख्या हवेत मोजा. आधीचे मोजमाप नसेल तर नंतरच्या कागदाला अर्थ नाही, आणि त्या दोन मोजण्यांचे पैसे सुरुवातीलाच बाजूला ठेवा.

टर्बो नसलेल्या अशा इंजिनातून हेडर्स, एक्झॉस्ट आणि रीमॅप या तिन्हींनी मिळून 5 ते 8 टक्के मिळाले तर काम चांगले झाले असे समजावे. हे इंजिन मुळातच लिटरमागे 90 अश्वशक्ती देते. कंपनीने त्यात फारसे काही शिल्लक ठेवलेले नाही. इंजिनात दाबाने हवा कोंबणारा सुपरचार्जर बसवता येतो, पण याच्या कॉम्प्रेशनचे प्रमाण मुळातच 11 च्या वर आहे, म्हणजे वरून दाब घालायला मुभा थोडी, आणि मग क्लच, फ्युएल पंप, कूलिंग असे एकेक दार उघडत जाते. 718 च्या, म्हणजे नंतरच्या पिढीतल्या बॉक्स्टर-केमनच्या, टर्बो इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. 2 लिटरचे ते इंजिन मुळात 300 अश्वशक्तींचे आहे, बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा, दाब सॉफ्टवेअरने वाढवता येतो, आणि 15 ते 20 टक्के वाढ नुसत्या रीमॅपने मिळू शकते. पुण्याच्या विरळ हवेची भरपाईही टर्बो बऱ्याच अंशी स्वतःच करतो. तुमची गाडी 718 असेल तर माझ्या वहीतली खर्चाची प्रमाणे तुम्ही बदललीत तरी चालेल.

मात्र रीमॅप कोणत्या पेट्रोलसाठी लिहिला आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. युरोपातून आलेली फाइल बहुधा 98 ऑक्टेन धरून लिहिलेली असते. आपल्याकडे पंपावरचे साधे पेट्रोल पूर्वी 91 चे असे, 20 टक्के इथेनॉलच्या मिश्रणाने ते आता 95 च्या आसपास आले आहे. 100 ऑक्टेनचे पेट्रोल पुण्यात 2020 पासून मिळते, पण निवडक पंपांवर, आणि साताऱ्याच्या पुढे ते मिळेलच असे धरून प्रवासाला निघता येत नाही. कमी ऑक्टेनवर पेट्रोल अवेळी पेटू लागते, ते ओळखणारा नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढतो आणि विकत घेतलेली ताकद तिथेच परत जाते. शिवाय 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते, म्हणजे इंजेक्टरना जास्त इंधन सोडावे लागते आणि त्यांची शिल्लक क्षमता घटते. म्हणून इथल्याच पेट्रोलवर, इथल्याच उन्हाळ्यात, लॅपटॉप लावून दोन-तीन दिवस नोंदी घेणाऱ्या माणसाला मी तयार फाइल विकणाऱ्यापेक्षा जास्त पैसे आनंदाने देते.

ब्रेकबद्दल थोडक्यात सांगते. पसरणी घाट उतरताना पेडल मऊ झाल्याचा अनुभव एकदा घेतला की पुन्हा आठवण करून द्यावी लागत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, आणि आपले चार महिने ओलाव्याचेच असतात. मी ते दरवर्षी दिवाळीआधी बदलते. पुढच्या-मागच्या टायरांची मापे वेगळी असल्यामुळे ते आलटून-पालटून वापरता येत नाहीत, आणि जास्त ताकद मागचे टायर आधी खाते. वजनाचाही विचार करा: साधारण 1,300 किलोच्या गाडीतून 50 किलो काढले तर वेग घेण्याच्या दृष्टीने ते नऊ-दहा अश्वशक्ती मिळाल्यासारखेच असते.

कायद्याचा भाग मी टाळू देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. 2.7 काढून 3.4 लिटरचे इंजिन बसवण्याची कल्पना मोहक आहे, पण इंजिनाचा क्रमांक आरसीवर असतो आणि तो आरटीओच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणारा एक्झॉस्ट मी कोणालाही सुचवत नाही. ज्या वेताळ टेकडीवर मी रोज सकाळी फिरायला जाते, तिथेच एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत गाड्यांच्या धुराच्या चाचण्या होतात, आणि त्या आकड्यांमागचे श्रम मी नोकरीत जवळून पाहिले आहेत. विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवा, आणि वाढलेला हप्ताही वहीत लिहा.

तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या, टर्बो नसलेल्या गाडीसाठी दहा लाखांची माझी मांडणी अशी: चार लाख तब्येतीला आणि कूलिंगला, दोन लाख ब्रेक, टायर व सस्पेन्शनच्या रबरांना, दोन लाख प्रत्यक्ष ताकदीच्या भागांना, रीमॅपला आणि मोजण्याला, आणि दोन लाख अजिबात न ठरवलेले, गिअरबॉक्स खाली आल्यावर जे दिसेल त्यासाठी. बाहेरून येणाऱ्या भागाची किंमत रुपयांत आणल्यावर तिला मी दीडने गुणते. कस्टम्स, जीएसटी आणि कुरिअर धरले की आकडा बहुतेक वेळा तिथेच जातो. ताकदीला फक्त दोनच लाख का, असे ऐकणारा हमखास विचारतो. बाकीचे आठ लाख वाढीव ताकद टिकवण्यासाठी लागतात, आणि ते नसतील तर मी दोन लाखही खर्चू देत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीचा क्लच गेल्या महिन्यापासून चढावर किंचित घसरू लागला आहे. गिअरबॉक्सचे पान उघडले आहे: क्लच, फ्लायव्हील, मागचे सील, आणि त्याखाली चार वर्षांपूर्वी पेन्सिलने लिहिलेले "मग रीमॅप". मिस्त्रींनी दिवाळीनंतरची तारीख दिली आहे, आणि त्याआधीच्या रविवारी डायनोवर आधीचे मोजमाप घ्यायचे ठरले आहे.