सकाळी सातची रांग: मॅजिक किंगडमला जाण्याआधी

जुनी प्रवासवर्णनं वाचून अमेरिकेतल्या ऑर्लँडोच्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कात लांब रांग टाळणारा फुकटचा फास्टपास मिळेल अशा समजुतीत असाल, तर ती आत्ताच सोडा. १९९९ साली आलेला फास्टपास २०२१ मध्ये कायमचा बंद झाला. आधी त्याच्या जागी पैसे घेणारं जिनी प्लस आलं आणि २४ जुलै २०२४ पासून लाइटनिंग लेनचे, म्हणजे पैसे भरलेल्यांच्या वेगळ्या छोट्या रांगेचे, मल्टी पास (अनेक राइडसाठी) आणि सिंगल पास (एकाच राइडसाठी) सुरू झाले. प्रवेशाचं तिकीट वेगळं, हे वेगळं. पैसे दर माणशी, दर दिवशी, आणि भाव रोज बदलणारा. मल्टी पासचे माणशी ३० डॉलर धरले तरी चौघांचे १२०, वर कर. ट्रॉनसारख्या राइडची रांग टाळायला सिंगल पास लागतो, त्याचे पैसे याहून निराळे. तीन वर्षांखालच्या मुलाला मात्र तिकीटही लागत नाही आणि पासही. त्याचं नाव हिशोबात धरू नका.

खरी रांग पार्कच्या दारात लागत नाही, फोनवर लागते. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्काम सुरू होण्याच्या ७ दिवस आधी पूर्ण मुक्कामाचे पास घेता येतात. बाकीच्यांना त्या त्या दिवसाच्या ३ दिवस आधी. दोघांसाठीही वेळ सकाळी ७ची, ऑर्लँडोच्या घड्याळाने. भारतातून घेत असाल तर उन्हाळी वेळ चालू असताना दुपारी ४:३०, हिवाळ्यात ५:३०. न्यू जर्सीत मुलाकडे उतरला असाल तर सकाळी ७च, पण कॅलिफोर्नियात असाल तर पहाटे ४ला उठावंच लागेल.

आदल्या रात्रीच सगळ्यांची तिकिटं डिस्नेच्या ॲपवर एकाच खात्यात जोडून ठेवा. जोडलेलं तिकीट नसेल तर त्या माणसाचा पास निघत नाही. कार्ड ॲपमध्ये आधीच भरा, त्यावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असल्याची खात्री करा. ओटीपी भारतातल्या नंबरावर येत असेल तर त्या सिमचं रोमिंग चालू हवं. ऐन सात वाजता इथेच गाडं अडतं.

मल्टी पासमध्ये आधी तीन राइड, प्रत्येकीची वेळ ठरवून, निवडता येतात: पहिल्या गटातली एक, दुसऱ्या गटातल्या दोन. पहिल्या गटात जंगल क्रूझ, पीटर पॅन अशी लांब रांगांची नावं आहेत. तिन्ही राइडच्या वेळा दुपारच्या घेतल्या तर पैसे वाया गेले असं समजा. एक पास वापरला की लगेच पुढचा घेता येतो, आणि पहिला पास वापरल्यावर गटाचं बंधन उरत नाही. म्हणून तिन्हीतला एक पास सकाळी लवकरचा हवाच, राइड साधी असली तरी चालेल. आत पाऊल टाकतानाच पुढची वेळ पकडायची. हवी ती वेळ दिसत नसेल तर ॲप पुन्हापुन्हा ताजं करत राहा, लोकांनी सोडलेल्या वेळा अधूनमधून परत येतात. एका राइडचा मल्टी पास दिवसात एकदाच मिळतो.

आता स्टँडबायची रांग. बिनपैशाच्या या रांगेतला सगळा त्रास शेवटच्या वळणावर आहे, जिथे ती लाइटनिंग लेनला मिळते. तिथला कर्मचारी पैसे भरलेल्यांची मोठी तुकडी आत सोडतो, मग इकडची थोडी. समजा, एखादी राइड तासाला १००० माणसं नेते आणि त्यातल्या ७०० जागा तिकडे गेल्या. तुमच्यापुढे ३०० माणसं असतील तर १८ मिनिटांत नंबर लागायला हवा, पण लागतो एक तास. पुढची माणसं मोजून काढलेला अंदाज म्हणूनच फसतो. राइड बिघडून तासाभराने सुरू झाली तर आणखी वाईट, कारण अडलेले पासवाले सगळे एकदम येतात आणि स्टँडबाय जागची हलत नाही. अशा वेळी दुसरीकडे जा. तुमच्या पासाच्या वेळेत राइड बंद पडली तर मात्र घाबरू नका, तो पास ठरावीक इतर राइडवर चालतो.

पीटर पॅनला स्टँडबायने भरदुपारी उभं राहू नका. छोट्या गाड्या, एकात दोन-तीन माणसं, म्हणून तासाची क्षमताच कमी, आणि १९७१ची ही राइड तीन मिनिटांच्या आत संपते. पार्क उघडल्या उघडल्या जा, नाहीतर पास घ्या, नाहीतर सोडून द्या. याउलट पायरेट्स या राइडच्या मोठ्या होड्या आणि हाँटेड मॅन्शन या राइडची न थांबणारी पाळण्यांची साखळी भराभर माणसं उचलतात. तिथली रांग लांब दिसली तरी सरकती असते, त्यामुळे सुरुवातीच्या तीन पासांतला एक तिथे घालवू नका.

प्रवेशापाशी लिहिलेली मिनिटं कुठून येतात तेही कळायला हवं. रांगेत शिरताना एखाद्याच्या हाती लाल कार्ड देतात, ते पुढे राइडपाशी स्कॅन होतं आणि लागलेला वेळ मोजला जातो. म्हणजे तो आकडा आधी उभ्या राहिलेल्या माणसाचा, तुमचा नाही. रात्री तो बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्तच असतो. पार्क १०ला बंद होणार असेल तर ९:५५ला आवडत्या राइडच्या रांगेत शिरा. बंद व्हायच्या आत रांगेत असलेल्याला राइड मिळते, आणि ही दिवसातली सगळ्यात सुखाची रांग.

मूल उंचीत बसत नसेल (ट्रॉनला १२२ सेंटिमीटर, स्पेस माउंटनला ११२) तर दारातल्या कर्मचाऱ्याला रायडर स्विच मागा. एक पालक बसून येतो, मग दुसरा लाइटनिंग लेनमधून जातो, जादा पैसे न देता. न मागता हे कुणी सांगेलच असं नाही.

बाहेरून गाडीने येणाऱ्यांनी वेळेचा हिशोब नीट करावा. पार्किंग पार्कच्या दारात नाही. तिथे बॅगांची तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीने तलाव ओलांडायचा, मग दार. पार्किंगपासून दारापर्यंत पाऊण तास धरा. उघडण्याच्या वेळेला पार्किंगमध्ये पोचणं म्हणजे सकाळची कमी गर्दीची वेळ घालवणं. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना अर्धा तास आधी आत सोडतात, ते तोवर पुढे गेलेले असतात.

दुपारचं जेवण सकाळी १०लाच ॲपवरून मागवून वेळ राखून ठेवा. पोचल्यावर 'आलो' हे बटण दाबायला विसरू नका, त्याशिवाय ताट तयार करायला घेत नाहीत. पास, जेवण, नकाशा सगळं एकाच फोनवर असल्याने दुपारपर्यंत बॅटरी संपते. १०,००० एमएएचची पॉवर बँक कमीत कमी.