लिफ्टमधलं च्यायला

परवा दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे अडकली. आत मी, माझ्या हातात दळणाचा डबा, आणि चौथ्या मजल्यावरच्या काकू. दिवा गेला, पंखा गेला आणि त्यांच्या मागोमाग माझ्या तोंडून 'च्यायला' गेलं.

अंधारात काकूंचा चेहरा दिसत नव्हता पण त्यांच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या हे कळलं. "अगं, तू शिकलेली मुलगी ना," एवढंच म्हणाल्या. आता सेहेचाळिसाव्या वर्षी कुणी मुलगी म्हणलं की माणसाला चिडताही येत नाही. वॉचमनने येऊन दार उघडेपर्यंत सातआठ मिनिटं गेली, तेवढ्यात त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेव्हापासून मी लिफ्टपाशी दिसले की "तू हो पुढे, मला जरा पत्रपेटी बघायचीये" म्हणतात. पत्रपेटीत महिन्यातून एकदा लाईटबिल येतं, बाकी काही येत नाही, हे आम्हा दोघींनाही माहिती आहे.

च्यायला मधे आता उरलंय तरी काय हो? कधीकाळी 'तुझ्या आईला' असं काहीतरी होतं, त्याचं क्रियापद कधीच गळून पडलं, मग पुढचा तुकडाही झिजला, राहिला तो नुसता सुस्कारा. शाळेतल्या बाईंनी याचं वाक्यपृथक्करण करायला दिलं असतं तर कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापद नाही म्हणून मी पेपर कोराच दिला असता. आणि लिफ्टला आई असेल तर ती मोटर, तिला काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

पण मला आठवली ती आजी. कोकणातली माझी आजी, नऊवारीतली, एकादशी, चातुर्मास सगळं पाळणारी, आणि तिच्या बोलण्यात दर वाक्याला एक 'मेलं' आणि दर दोन वाक्यांना एक 'शिंचं'. मांजर शिंचं, रेडिओ शिंचा, ऊन मेलं, आणि आम्ही नातवंडं सगळी शिंची. मे महिन्यात माजघरात आंब्याची अढी घातलेली असायची, गवतात ओळीने लावलेले आंबे, आणि आम्ही दुपारी मोठी माणसं लवंडली की हळूच जाऊन दाबून दाबून बघायचो. गवताचा तो ऊबदार वास मला अजूनही कुठल्याही पेटीतल्या आंब्याला येत नाही, पेटीवर देवगड लिहा नाहीतर आणखी काही लिहा. तर आम्ही दाबलेले आंबे डागाळायचे आणि मग पडवीतून आजीचा आवाज, "शिंच्यांनो, एक तरी धड पिकू द्याल का रे!"

अशाच एका दुपारी डोंबिवलीहून आलेल्या चुलतभावाकडून ताजं ताजं शिकलेलं 'आयला' मी वापरलं. आंबा हातातून निसटला म्हणून, दुसरं काही नाही. बाबा नेमके मागे उभे. त्यांनी मला आयुष्यात एकदाच मारलं ते तेव्हा. आजी आतून धावत आली आणि आपल्या चाळिशीच्या मुलाला म्हणाली, "मेल्या, पोरीवर हात टाकतोस? शिंचा मोठा आलाय शिकवणारा!"

कॉलेजात असताना लायब्ररीत मोल्सवर्थचा शब्दकोश हाताला लागला, तो जाडजूड, मूळचा १८३१ चा, आणि रिकामा तास होता म्हणून मी त्यात शिव्या शोधत बसले (सगळेच तेच शोधतात, खोटं बोलू नका). तेव्हा कळलं की शिंचा हा शिंदळीचा, आणि शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी. म्हणजे बघा, आजी स्वतःच्या मुलाला काय म्हणत होती आणि त्यात स्वतःला काय म्हणत होती. तिला सांगायची हिंमत झाली नाही. सांगितलं असतं तर म्हणाली असती, कोश मेला जळो.

माझा नवरा सोलापूरचा. तिथे 'काय बे' म्हणजे नमस्कार. आमच्या लग्नात त्याचे मित्र मांडवात "ए बे, अक्षता कुठायत बे" करत हिंडत होते आणि माझे पुण्यातले एक काका घाबरून माझ्या भावाला विचारत होते, मुलाकडच्यांची भांडणं सुरू झालीत का. नागपूरकडेही हेच बे चालतं म्हणतात. पुण्यात मात्र बे म्हणलं की समोरचा दोन पावलं मागे जातो. मालवणीत 'आयचा घो' म्हणतात, घो म्हणजे नवरा, म्हणजे आईचा नवरा, म्हणजे बाप, झालं, संपलं, त्यात शिवी शोधायला दुर्बीण लागेल, तरी २०१० साली एका मराठी सिनेमाच्या नावात ते शब्द आले तर केवढा गदारोळ झाला होता. आणि आमचे चिरंजीव, वय चौदा, दिवसभर 'भेंडी, भेंडी' करत असतात, मला त्याचं मूळ माहिती आहे, त्यालाही माहिती आहे, आणि माझ्या सासूबाईंना वाटतं नातवाला भाजी फार आवडते. आठवड्यातून दोनदा करतात. तो गपचूप खातो. हीच शिक्षा पुरे.

तुकोबांचं तर विचारूच नका. 'भले तरी देऊ कासेची लंगोटी' आम्ही शाळेत पाठ केलं, बाईंनी 'कासेची'चा अर्थ समजावून सांगितला, सुंदर अक्षरात फळ्यावर लिहिला. मोठेपणी वेगळी गाथा हातात आली तर तिथे कासेची नाहीच, तिथे सरळ तो ग ने सुरू होणारा शब्द. जो आत्ता मलाही लिहवत नाहीये, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या काकू माझ्यातही थोड्या आहेतच म्हणायच्या.

आणि सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही दोन गावं आहेत, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या बायका दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करकरून एकमेकींना शिव्या घालतात, आणि ते बघायला ही गर्दी. बोरीचा बार म्हणतात त्याला. मला एकदा जायचंय. काकूंनाही न्यायचा विचार होता, आता पत्रपेटीमुळे अवघड दिसतंय.

हे सगळं मी काकूंना मनातल्या मनात ऐकवत होते, पुराव्यांसकट, दोन दिवस. भांडण मनातल्या मनात करायचं असलं की मला फार मुद्दे सुचतात. की एवढं काय लावून घ्यायचं, शब्द झिजतात, नाणं झिजतं तसे, कुणाला उद्देशून तर नव्हतं ना. आंब्याची अढी आठ दिवसात उतरते, माणसाने मनात अढी धरली की ती किती दिवस. इथपर्यंत माझं भाषण फार छान जमत आलं होतं.

मग तोच डोंबिवलीचा चुलतभाऊ आठवला. त्याला ऑफिसात कुणीतरी घाटी म्हणलं म्हणून तो दोन वर्षं त्या माणसाशी बोलला नाही, आम्हाला अजून तो किस्सा लाल होऊन सांगतो, आणि सांगता सांगता मधेच दुधवाल्याला हाक मारतो, ए भय्या. दूधवाला त्याच्याशी बोलायचं थांबवू शकत नाही, त्याचा धंदा आहे.

आणि मग आजीची ती म्हण आठवली. आजीकडे म्हणींचा साठा होता, घरात पसारा झाला, पोरांचा कालवा झाला की तिची एक ठरलेली म्हण, त्यात एका जातीचं नाव. ज्या घरात आयलाला थोबाडीत बसली त्या घरात ती म्हण दिवसातून दोनदा व्हायची, बाबा पेपर वाचत असायचे, कुणी मान वर करून बघितलं नाही. मी ती अशीच उचलली, शिंचं आणि मेलंच्या सोबत.

एकोणिसाव्या वर्षी होस्टेलवर होते. खोलीत आम्ही तिघी, कपड्यांचा ढीग पडलेला, सोमवारी रेक्टर येणार म्हणून आवरायला घेतलेलं. मी कमरेवर हात ठेवून, अगदी आजीच्या आवाजात, ती म्हण म्हणाले. तिसरी खदखदून हसली. दुसरी खिडकीपाशी वेणी घालत होती, ती "हं" म्हणाली. वेणी अर्धी होती, ती तिने तशीच रबर लावून बांधली, बादली उचलली आणि पाणी भरायला गेली.

बादली भरलेलीच होती. तिने ती नेऊन ओतली असणार आणि परत भरून आणली असणार. आल्यावर तिने घरून आलेल्या शेंगाचटणीचा डबा उघडला आणि आम्हा दोघींना दिला, रोजच्यासारखा. पुढची दोन वर्षं एकत्र राहिलो, दिवाळीला अजून मेसेज येतो तिचा, तिने तो विषय कधी काढला नाही. मला ती भरलेली बादली दिसली ती पंधराएक वर्षांनी, एका रविवारी, घरी कपडे वाळत घालताना.

ती म्हण मी इथे लिहीत नाहीये. आजीच्या तोंडी फार गोड वाटायची.