वेळेचा लॉग: प्रश्न माहीत झाला की आकडा बिघडतो

खेळात माणूस किती गुंगतो हे, किती वेळ गेला याच्या त्याच्या अंदाजावरून मोजायचा हा प्रयोग. मागच्या अपडेटमधला बीप-प्रोब (बीप वाजवून विचारलेला प्रश्न) आता व्यवस्थित चालतोय. खेळाच्या खिडकीवर पॉपअप आणायचा नाद सोडला हे बरंच झालं. फुलस्क्रीनमधून बाहेर फेकलं गेलं की तंद्री तिथेच मोडते. बारीक बीप, एक बटण, उत्तर आवाजात रेकॉर्ड. नजर पडद्यावरून हलत नाही.

पण गुणोत्तर (अंदाज भागिले प्रत्यक्ष वेळ) सत्रागणिक १ कडे सरकत चाललंय. सुरुवातीला ते १ च्या बरंच खाली होतं, म्हणजे गेलेला वेळ कमी वाटत होता. गुंगणं कमी झालं म्हणावं तर स्कोअर तसाच आहे. बदललंय एवढंच, की शेवटी वेळ विचारणार हे आता पक्कं माहीत आहे.

आधी सांगून मागितलेला अंदाज आणि अचानक विचारलेला अंदाज या मुळात वेगळ्या गोष्टी आहेत. झाकाय आणि ब्लॉक या मानसशास्त्रज्ञांच्या १९९५ च्या मॉडेलमध्ये आतल्या घड्याळाचे ठोके लक्षाच्या दारातून आत येतात. खेळाने लक्ष खाल्लं की दार अरुंद होतं, ठोके कमी मोजले जातात, वेळ कमी वाटतो. प्रश्न येणार हे ठाऊक असलं की लक्षाचा थोडा वाटा त्या दारापाशीच अडकून राहतो. अचानक विचारलं तर मोजणी झालेलीच नसते. मग अंदाज आठवणींवरून बांधला जातो, किती प्रसंग आठवतात, किती वेळा दृश्य बदललं यावरून. म्हणूनच नवनवीन ठिकाणी फिरवणारा खेळ खेळताना झटकन संपतो आणि नंतर आठवताना लांबलचक वाटतो.

टोबिन, बिसाँ आणि ग्राँदँ यांच्या २०१० मधल्या अभ्यासात गेमर्सना १२, ३५ किंवा ५८ मिनिटं खेळू दिलं होतं. ज्यांना आधी कल्पना दिली होती, त्यांचे अंदाज बाकीच्यांपेक्षा मोठे निघाले. तिथे माणसं वेगवेगळी होती. एकाच माणसाच्या लॉगमध्ये 'अचानक' फक्त एकदाच जमतं, आणि आपली सगळी अडचण तिथेच आहे.

सध्याचा तोडगा म्हणजे प्रश्नांची भेळ. सत्र संपल्यावर बऱ्याच प्रश्नांतून एकच चिठ्ठी निघते: शेवटचा स्कोअर, किती वेळा हरलात, टेट्रिसचा कुठला तुकडा सर्वांत जास्त आला, पार्श्वसंगीत बदललं का, आणि कधीतरीच वेळ. सत्राची लांबीही स्क्रिप्टच ठरवते. ठरावीक अंतराने प्रोब दिला की त्याची वाट पाहिली जाते, म्हणून अंतर घातांकी वितरणातून काढा. त्यात कितीही वेळ थांबलं तरी पुढच्या क्षणी प्रोब येण्याची शक्यता तेवढीच राहते. किमान मर्यादा घालावीच लागली तर छोटी ठेवा, नाहीतर तीच खूण बनते. याने गुणोत्तराचं १ कडे सरकणं मंदावतं, पण थांबत नाही.

वेळ कळण्याची दुसरी गळती खेळातूनच होते. टास्कबारचं घड्याळ, फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं म्हणजे फ्रेम दिसतात त्याचा) पडद्यावरचा आकडा, सूचना हे सगळं बंद केलं तरी माइनक्राफ्ट या खेळातला दिवस २० मिनिटांचाच असतो. स्टारड्यू व्हॅलीत खेळातली १० मिनिटं म्हणजे खरे ७ सेकंद. सूर्यास्त मोजणाऱ्याला वेगळं घड्याळ लागतच नाही. असे खेळ या कामातून सरळ बाद करावेत. टेट्रिस बरा, कारण अवघडपणा आकड्यात धरता येतो: निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस कन्सोलवरच्या आवृत्तीत ० लेव्हलला तुकडा दर ४८ फ्रेमला एक ओळ खाली येतो, ९ ला दर ६ फ्रेमला, १९ ला दर २ फ्रेमला, सेकंदाला साधारण ६० फ्रेम. मात्र दर १० ओळींना लेव्हल चढते, म्हणजे वेगच घड्याळ होतो. म्हणून लेव्हल रोखता येणारा क्लोनच (टेट्रिसची नक्कल) घ्या, आणि हरल्यावर मेनू न दाखवता बोर्ड लगेच कोरा करा. प्रत्येक 'गेम ओव्हर' आठवणीत एक खूण ठेवतो आणि नंतरचा अंदाज फुगवतो.

हे लिहिता लिहिताच एक वेगळी वाट दिसतेय: वेळ विचारायचाच कशाला? घड्याळ लपवायचं, कीबोर्डवरचं एफ-९ बटण दाबलं की ते २ सेकंद दिसेल, आणि प्रत्येक दाब लॉगमध्ये जाईल. सत्राआधी फक्त 'अर्ध्या तासाने थांबा' एवढंच सांगायचं. गुंगलेला माणूस पहिला दाब उशिरा देईल. पहिल्या दाबानंतर मात्र खरी वेळ कळलेली असते, त्यामुळे पुढची अंतरं स्वतंत्र अंदाज म्हणून धरता येणार नाहीत. अर्थात इथेही वेळेकडे लक्ष ठेवायला सांगितलेलंच आहे. पण ते प्रत्येक सत्रात सारखंच राहतं, आणि 'प्रश्न येईल का' ही धाकधूक उरत नाही. प्रश्नपेढीपेक्षा हे मला जास्त पटतंय. तेव्हा चिठ्ठ्यांचा पुढचा हप्ता थांबवून आधी एफ-९.

स्क्रिप्टबद्दल एकच आग्रह: पायथॉनमध्ये टाइम डॉट टाइम नको, टाइम डॉट मोनोटॉनिक वापरा. संगणकाने इंटरनेटवरून वेळ जुळवली की पहिलं फंक्शन उडी मारू शकतं आणि सत्राची लांबी खोटी लागते. ज्यांचे प्रोब चालू आहेत, त्यांनी उत्तरासाठीचा स्लाइडर (पडद्यावरची सरकपट्टी) काढून टाकावा. माणूस नकळत मधोमध येतो. आकडा बोलून घेतला तर तो ५ च्या पटीत येतो खरा, पण 'कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती' असं विचारलं की ती गाठ बरीच सुटते. आलेखात गुणोत्तराचा लॉगॅरिदम घ्या, म्हणजे दुप्पट आणि निम्मा अंदाज शून्यापासून सारख्याच अंतरावर दिसतात.

पुढच्या फेरीत रोखलेल्या लेव्हल तीन: ०, ५ आणि ९. ० कंटाळवाणी, ९ बहुतेकांना दमवणारी, ५ मधली. पहिला दाब सर्वांत उशिरा ५ ला आला, तर गुंगण्याचा संबंध नुसत्या वेगाशी नसून कौशल्य आणि आव्हान यांच्या मेळाशी आहे, असं धरता येईल. ९ ला आला तर खेळाडूची पातळी वर आहे का ते आधी तपासायचं, आणि मग १३ लावून बघायची.