तुम्ही विचारलेत म्हणून: घनतेला तीन आठवडे कशाला?

‘वस्तुमान भागिले आकारमान म्हणजे घनता. एका तासाचे काम आहे, सर; तुम्ही त्याला तीन आठवडे कशाला लावता?’ हा प्रश्न मला पालकसभेत दर वर्षी विचारला जातो, शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना विचारला जातो, आणि क्लासमध्ये सूत्र आधीच पाठ करून आलेली आठवीची मुलेही अलीकडे तो विचारू लागली आहेत. ‘पाया पक्का व्हावा म्हणून’ असे गुळमुळीत उत्तर मी आजवर देत आलो. ते खोटे नाही, पण खरे कारण ते नव्हे.

‘सर मुलांना गहू मोजायला लावतात’ एवढेच तुमच्या घरी पोहोचते, म्हणून आधी ते गव्हाचे सांगतो. माझ्याकडे तुळशीबागेतून घेतलेले एक जुने मापटे आहे. १९५८ पासून आपल्याकडे मेट्रिक मापे येऊ लागली. त्याआधी धान्य पायली, मापटे, चिपटे अशा मापांनी, म्हणजे आकारमानाने, मोजून घेण्याची रीत होती, आणि पायलीभर पोह्यांचे नि पायलीभर गव्हाचे ओझे सारखे नसते हे त्या पिढीतल्या बायकांना कोणी शिकवावे लागत नसे. मी मुलांना मापटेभर गहू आणि मापटेभर पाणी यांचे वजन करायला सांगतो. गहू हलके भरतात. मग गव्हाचा एक दाणा पाण्यात टाकायला सांगतो, आणि तो सरळ तळाशी जातो. पाण्यापेक्षा हलके भरलेले गहू बुडतात कसे, हे सूत्र पाठ असलेल्या मुलांना सांगता येत नाही. मी आठवडाभर त्यांना ते सांगतही नाही. शेवटी कोणीतरी गव्हाने भरलेल्या मापट्यातच पाणी ओतून पाहते, आणि गहू भरून झाल्यावरही आत इतकी जागा शिल्लक होती हे पाहून वर्ग चकित होतो. आपण गव्हाबरोबर हवाही मोजली होती. ‘आकारमान’ हा शब्द लिहिण्यापूर्वी ‘कशाचे?’ असे विचारावे लागते. हे मला वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत समजले नव्हते, आणि तेव्हा मी घनता शिकवीत होतो.

त्या वर्षी मी वर्गात आर्किमिडीज आणि राजाच्या मुकुटाची गोष्ट रंगवून सांगितली होती. (ही गोष्ट आर्किमिडीजच्या आज उपलब्ध असलेल्या लेखनात नाही, सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या व्हिट्रुव्हियस या रोमन लेखकाने ती सांगितली आहे. पण तेव्हा मला एवढ्या खोलात जायचे नव्हते.) प्रात्यक्षिक दाखवावे म्हणून मी आईला न विचारता तिच्या डब्यातला एक गोठ, म्हणजे हातातले सोन्याचे जाड कडे, शाळेत नेला. आजीने तिला लग्नात दिलेल्या जोडीतला तो होता. हवेत त्याचे वजन २४ ग्रॅम भरले, पाण्यात बुडवून केलेले १९.५ ग्रॅम. साडेचार ग्रॅमची घट, म्हणजे गोठाने तेवढेच पाणी बाजूला सारले, म्हणून आकारमान साडेचार घनसेंटिमीटर, आणि घनता ५.३३. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरेटची साडेसतरा ते अठराच्या दरम्यान. मी फळ्यावर दोन्ही आकडे लिहिले आणि चाळीस मुलांसमोर मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘हे सोने खोटे आहे. माझ्या आजीला सोनाराने फसवले.’

आमच्याच वाड्यातला एक मुलगा त्या वर्गात होता. मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती.

आई ओरडली असती तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, ‘माझ्या आईने मला खोटे दिले असे तू पोरांना सांगितलेस?’ मी तिला आकडेमोड दाखवू लागलो. दुसऱ्या दिवशी ती एकटी लक्ष्मी रस्त्यावर गेली आणि सोनाराला तो गोठ आपल्यासमोर तापवायला सांगितले. आतून लाख वितळून बाहेर आली. गोठ पोकळ घडवून त्यात लाख भरण्याची रीत आहे. ते आजीला ठाऊक होते, आईला ठाऊक होते, मला मात्र कधी विचारावेसे वाटले नव्हते. वरचे सोने बावीस कॅरेटचे होते आणि ते वीस ग्रॅम भरले. त्याची लहानशी लगड आईने माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, ‘आता बुडव.’

मी ती खरोखरच बुडवली, रात्री, शाळेतून आणलेल्या तराजूवर. १७.७ आले. आईला ते सांगायचे धैर्य मला झाले नाही.

तुम्ही म्हणाल, यात सूत्राचा काय दोष? माझ्यातला तो तिशीतला शिक्षकही हेच म्हणतो, आणि त्याला मी अजून निरुत्तर करू शकलेलो नाही. ५.३३ हे उत्तर चुकले नव्हतेच. त्या अख्ख्या गोठाची, लाख धरून, सरासरी घनता तेवढीच होती. पोलादाचे जहाज तरंगते ते आतल्या हवेसह धरलेल्या अशाच सरासरीमुळे, आणि तेही मी दर वर्षी शिकवीत होतो. पण मी त्याला विचारतो, की ५.३३ पाहून तू थांबला का नाहीस? सोन्यात भेसळ करायची तर ती तांब्याची किंवा चांदीची. तांब्याची घनता ८.९६, चांदीची १०.५. गोठ अख्खा तांब्याचा असता तरी उत्तर नऊच्या आसपास आले असते. पाचवर यायला आत धातूपेक्षा पुष्कळ हलके काहीतरी असणे भाग होते, आणि हे सांगणारा तक्ता त्याच वर्गात भिंतीवर टांगलेला होता. यावर त्याच्याकडेही उत्तर नाही.

तीन आठवड्यांनी असा माणूस घडायचा टळतो का? मला खात्री नाही. काही मुले तीन आठवड्यांनंतरही मेणबत्ती अर्धी कापली की घनता अर्धी झाली असे लिहितात, आणि काहींना ते पहिल्या तासालाच कळलेले असते. त्यांचा वेळ मी वाया घालवतो ही तुमची तक्रार मला मान्य आहे. तरीही पुढच्या वर्षी मी मापटे काढणारच आहे.

जोडीतला दुसरा गोठ आता माझ्याकडे आहे. यंदा मुलांना ही हकीकत सांगितली, तेव्हा एका मुलीने त्याची घनता विचारली. ‘गोठाची की सोन्याची?’ असे मी विचारले. ती म्हणाली, ‘तुम्ही जे बुडवाल त्याची.’ तो गोठ मी अजून बुडवलेला नाही.