ट्रोफियाबाईचे पाय

शनिवारच्या कथकच्या क्लासमध्ये तत्कार, म्हणजे पायांनी बोल काढण्याचा सराव, चालू होता. द्रुत लयीत आल्यावर फरशीवर रक्ताचे दोन ठिपके दिसले आणि मी तबला थांबवायला सांगितला. अकरावीतल्या एका मुलीची टाच फुटली होती. "ताई, मला कळलंच नाही," ती म्हणाली. तिच्या टाचेत हळद भरताना मला ट्रोफियाबाई आठवली.

जुलै १५१८. स्ट्रासबर्ग आज फ्रान्समध्ये आहे, तेव्हा ते पवित्र रोमन साम्राज्यातलं शहर होतं. तिथे ट्रोफिया नावाची एक बाई रस्त्यावर आली आणि नाचायला लागली. वाद्य नाही, सण नाही. थकून कोसळायची, जरा पडायची, की पुन्हा उभी. असे सहाएक दिवस. आठवडाभरात तीसेक माणसं तिच्यासारखी नाचू लागली. पुढे हा आकडा ४०० पर्यंत गेला, असं तिथल्या बखरींत आहे.

ही हकिकत हल्ली गंमत म्हणून सांगतात. मला ती तशी वाचवत नाही. एक तास तत्कार केल्यावर पोटऱ्या कशा दगड होतात, हे मी २२ वर्षं माझ्या आणि मुलींच्या पायांत बघते आहे. दिवसच्या दिवस कुणी हौसेने नाचत नाही. १३७४ मध्ये आखेन आणि ऱ्हाइनकाठच्या गावांत अशीच लाट आली होती. ते लोक वेदनेने ओरडायचे आणि पोटाला कापड करकचून आवळून घ्यायचे.

स्ट्रासबर्गच्या वैद्यांनी निदान केलं की रक्त तापलंय. उपाय काय, तर नाचून नाचून ते निवू द्या. नगरसभेने सुतारांच्या आणि रंगाऱ्यांच्या संघांची सभागृहं मोकळी करून दिली, धान्यबाजारात आणि घोडेबाजारात जागा केली. वर पैसे देऊन वाजंत्री बोलावले. पावा आणि ढोल!

इथे मी पुस्तक खाली ठेवलं होतं. लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी धून, सुरू झाला की विद्यार्थिनीचा पाय तिला न विचारता हलतो, समेवर मान आपोआप येते. ज्याचं शरीर त्याच्या ताब्यात नाही, त्याच्यापुढे ढोल बडवायचा? आणि तोही भर बाजारात, सगळ्यांना दिसेल असा? बघणाऱ्यांतलेच आणखी नाचायला लागले. पुढे सभेला चूक कळली आणि गाण्या-नाचण्यावर बंदी आली. लग्नात तंतुवाद्यं चालतील, पण ढोल-डफ नाही, अशी सवलत ठेवली होती. हे लिहिणाऱ्याला ताल म्हणजे काय ते नक्की कळलं होतं.

कारणांबद्दल बरंच लिहिलं गेलंय. राय या धान्यावर अरगट पडतो, म्हणजे आपल्या बाजरीवर पडतो त्याच जातकुळीतली बुरशी. तिच्या विषाने झटके येतात, हातापायांचं रक्त अडतं. पण अशा पायांवर माणूस दिवसेंदिवस नाचू शकेल, हे मला पटत नाही. मला भूक आणि भीती जास्त पटते. त्याआधीची वर्षं नापिकीची होती, धान्य महागलेलं होतं, रोगराई होती. आणि संत व्हायटस कोपला की माणसाला नाचायला लावतो, अशी त्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. मन मोडलं की ते ओळखीच्याच वाटेने जातं. माझ्या आजोळी जत्रेत हलगी घुमली की एका मामीच्या अंगात यायचं. वर्षभर खाली मान घालून राबणारी ती बाई तेवढा वेळ केस मोकळे सोडून घुमायची. "नाटक करते" म्हणणाऱ्यांचा मला तेव्हाही राग यायचा. नंतर तिचे तळवे मी पाहिले होते.

आठेक वर्षांनी स्ट्रासबर्गला आलेल्या पॅरासेल्ससने ट्रोफियाबाईबद्दल तेच लिहिलं: नवऱ्याला त्रास द्यायला नाचली. एवढा मोठा वैद्य, पण तिच्या पायांकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

शेवटी नाचणाऱ्यांना गाड्यांत घालून साव्हेर्नजवळच्या डोंगरात संत व्हायटसच्या ठाण्यावर नेलं. हातात छोटे क्रूस दिले. पायांत तांबडे जोडे घातले, त्यांच्यावर आणि तळांवर पवित्र तेलाने क्रूस काढले, तीर्थ शिंपडलं. त्यानंतर हळूहळू साथ ओसरली. यात कुणी श्रद्धा बघतं, कुणी मानसशास्त्र. मला मात्र ते जोडे दिसतात. सुजलेल्या, फुटलेल्या पायांत जोडे चढवायचे, तर कुणाला तरी खाली बसून ते पाय आधी हातात घ्यावे लागले असणार.